झुंबरमामीच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

भिमाजी खैरनारांनी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवला. त्यांच्या हातचा शाफ्ट आला की इन्स्पेक्टर न मोजताच सही करी. भिमाजींना ते पटत नसे. "मोजा, मग सही करा," ते म्हणत. "पगार मोजायचा मिळतो तुम्हाला, माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी डोळा कामावरच होता. त्यांच्या घरात एकही दार कुरकुरत नाही, एकही नळ ठिबकत नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा ओळंब्यात. एकदाच त्यांनी बायकोला, अंबूबाईंना, सांगितलं की पोळी एका बाजूला जाड राहते. अंबूबाईंनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि ओट्यावर जाऊन बसल्या. त्या दिवशी खैरनारांकडे नुसता भात झाला.

अंबूबाई गप्पिष्ट. त्यांच्याकडे सांगण्यासारखी एक मोठी गोष्ट होती आणि ती त्यांनी बेचाळीस वर्षं सांगितली. त्यांचं माहेर त्र्यंबकच्या रस्त्याला, जरा आत. त्या सोळा वर्षांच्या असताना गावात सिनेमावाले आले. नदीवरून पाणी आणणाऱ्या बायका हव्या होत्या. परकरातल्या पोरी नकोत, साडीतल्या बायका पाहिजेत. अंबूबाई शेजारच्या झुंबरमामीचं लुगडं नेसून गेल्या, असं त्या सांगत. अकरा बायकांनी डोक्यावर हंडा घेऊन काठाने चालायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. चालून झाल्यावर प्रत्येकीला चहा आणि बुंदीचा लाडू. सिनेमा नाशकात आला आणि आठवड्यात गेला. घरातल्या कोणीच पाहिला नाही.

"मी सिनेमात आहे," अंबूबाई सांगत.

"तू कसली सिनेमात!" त्यांची मोठी बहीण भागीबाई म्हणे. भागीबाई निफाडला दिलेली, द्राक्षबागेत दिवस घातलेली, बोलायला रोखठोक. "त्या दिवशी तू दळण घेऊन गिरणीवर गेली होतीस. मला काय इसरायला झालंय? माझा बघण्याचा दिवस होता."

इथून भागीबाईंची गोष्ट सुरू होई. तीही बेचाळीस वर्षांची. पाहुणे बघायला येणार म्हणून आईने आपली लग्नातली साडी काढून ठेवली होती. हिरवी, लाल काठाची, काठावर पांढरी रुईफुलं. ऐन वेळी साडी गायब. घर पालथं घातलं. शेवटी भागीबाई विटक्या तपकिरी लुगड्यात पाहुण्यांपुढे बसल्या. लग्न जमलं, पण सासू पुढची वीस वर्षं म्हणत राहिली, "तुमच्यात धड लुगडं नव्हतं." संध्याकाळी तीच साडी झुंबरमामीच्या कुंपणावर ओली सापडली. भागीबाईंनी मामीला चोरटी म्हटलं. मामी काहीच बोलली नाही. तेव्हापासून भागीबाई मामीच्या घरचं पाणी पीत नाहीत.

भिमाजींनी दोन्ही गोष्टी शंभरदा ऐकल्या होत्या. एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत.

दिवाळीत मुलाने, संतोषने, पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला. फेब्रुवारीत मेन रोडवरचं एक डिस्कचं दुकान बंद व्हायला निघालं. भिमाजी स्क्रू आणायला गेले होते. दुकानाबाहेर पेटीत डिस्क ओतल्या होत्या. त्यांनी पेटीतल्या सगळ्या डिस्क एकेक करून पाहिल्या, कारण अर्धी पेटी पाहून उठणं त्यांच्यात बसत नाही. तळाशी अंबूबाईंचा तो सिनेमा निघाला. दुकानदाराकडे एक वापरलेला प्लेअर होता, तोही त्यांनी घेतला. स्क्रू आणायचे राहिले.

घरी आल्यावर अंबूबाईंनी कव्हर दोन्ही हातांत धरलं. "हाच," त्या म्हणाल्या. "अहो, हाच तो!"

एक तास चार मिनिटांवर नदी आली. कॅमेरा काठाने डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि बायका त्याच्यासमोरून चालत होत्या. सगळा प्रसंग नऊ सेकंदांचा. पण ती नऊ सेकंदं बघवत नव्हती. नदी झटके खात होती. हंडे ठेचकाळत होते. चेहरे गरम मेणासारखे ओघळत होते. अकरा बायका, त्यांतल्या चार हिरव्या साड्यांत, आणि एकीलाही तोंड म्हणावं असं तोंड नव्हतं.

"ती बघा मी! तिरक्या हंड्याची! झुंबरमामीच्या मागं!"

"कोणती मामी?"

"पुढची."

"तिला तोंड कुठंय?"

अंबूबाई तिसऱ्यांदा बघून डोकं धरून बसल्या. "गरगरायला लागलं," त्या म्हणाल्या. पण लगेच त्यांनी निफाडला फोन लावला. स्पीकर चालू. "आक्का, सापडला सिनेमा. मी आहे त्यात."

"दिसतीस का?"

"अंधुक दिसते."

"अंधुक म्हंजे नाय." भागीबाई म्हणाल्या. "हे बघ अंबे. गावात तवा बिनगोंदणाची हनुवटी एकच होती, तुझी. गोंदणारी आली की तू माळवदावर पळायचीस. तवा बिनगोंदणाची बाई दिसली तर मी मानंन. पर आधी बाकीच्यांचं गोंदण दिसलं पायजे. नायतर चिखलात सगळ्याच बिनगोंदणाच्या. मी रविवारी येती."

फोन बंद झाला. भिमाजी अंबूबाईंकडे वळले. "तुझ्या बहिणीला कारखान्यात घ्यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "माप घेण्याआधी मोजायचं हत्यार तपासायचं. हेच मी चौतीस वर्षं सांगत होतो."

त्यांनी वही काढली. वहीवर तारीख घातली, बुधवार लिहिलं आणि खाली एक ओळ: 'झुंबरमामी, हनुवटी, तीन ठिपके. ते दिसले तर टीव्ही बरोबर.'

"रविवारपर्यंत होईल?" अंबूबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "बेचाळीस वर्षं खोटारडी म्हणून घेतलंय मी. हसून घेतलं, पण घेतलंच ना."

"होईल," भिमाजी म्हणाले. असं ते सहसा बोलत नसत. काम झाल्यावरच बोलत.

गुरुवारी सकाळी त्यांनी जे केलं ते लेथवाल्यानेच करावं. चित्र थरथरतं, म्हणजे यंत्र थरथरतं. यंत्र थरथरतं, म्हणजे पाया कच्चा. त्यांनी टीव्हीवर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. त्यांनी टीव्हीच्या पायाखाली पत्र्याची पट्टी सरकवली. मग माळ्यावरून कडाप्प्याचा तुकडा काढला, धुतला, त्याखाली रबराचे चार पॅड ठेवले आणि वर प्लेअर बसवला. शेवटी प्लेअरवर वजन म्हणून पाट्याचा वरवंटा ठेवला.

अंबूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "माझा वरवंटा?"

"थरथर मारायला."

"आणि चटणी कशाने वाटू, टीव्हीने?"

"अर्धा तास."

सिनेमा लावला. नदी पूर्वीइतकीच झटके खात होती, फक्त आता ओळंब्यात. अंबूबाई एवढ्या हसल्या की वरवंटा उचलताना त्यांना दोनदा खाली ठेवावा लागला. भिमाजींनी वहीत लिहिलं: 'पाया. उपयोग नाही.' ते हसले नाहीत, पण वही मिटताना मिशी हलली.

दुपारी त्यांनी टीव्हीच्या दुकानात फोन केला. शेखर नावाचा मेकॅनिक बोलला.

"काका, जुनी डिस्क आहे ना? जुन्या डिस्क अशाच दिसतात."

"तू पाहिलीस?"

"नाही."

"मग कसं सांगितलंस?"

"काका, तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन बघा. पण आपला अंदाज..."

"अंदाज तुझ्याकडं ठेव. सेटिंग बघतो." फोन ठेवून ते अंबूबाईंना म्हणाले, "पोरगं वाईट नाही. उठून बघायचा कंटाळा, एवढंच."

पण एक गोष्ट त्यांच्या मनात बसली होती. खराब डिस्क कुठेही अडकते, कधीही अडकते. हा झटका तसा नव्हता. त्याला ठेका होता. त्यांनी सिनेमा पुन्हा लावला आणि पेन्सिलीने टेबलावर ठेका धरला. टक टक टाक, टक टाक. टक टक टाक, टक टाक. प्रत्येक वेळी तोच. कारखान्यात असा ठेका आला की त्यांना कळे, तुटलेलं काही नाही, जोडणी चुकली आहे. एक चाक एका गतीने फिरतंय, दुसरं दुसऱ्या, आणि दोघांचा मेळ बसत नाही.

शुक्रवारी त्यांनी प्लेअरचं पुस्तक उघडलं. अक्षर मुंगीएवढं. व्हर्नियरपट्टीवरचे बारीक आकडे वाचायचं भिंग काढलं आणि नाश्ता ते जेवण या वेळात बत्तीस पानं वाचली. मग डिस्कच्या कव्हरमागचं बारीक अक्षर वाचलं, टीव्हीच्या रिमोटवरचं बटण दाबून पडद्याच्या कोपऱ्यात येणारा आकडा वाचला, आणि तिन्ही गोष्टी वहीत एकाखाली एक लिहिल्या. मग अंबूबाईंना हाक मारली. काम समजलं की ते कोणालातरी समजावून बघत. समोरच्याला कळलं नाही तर आपल्यालाच कळलेलं नाही, असा त्यांचा हिशेब.

"सिनेमा म्हणजे फोटोच. ह्या डिस्कमध्ये सेकंदाला पंचवीस फोटो आहेत."

"बरं."

"टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र दाखवतोय. प्लेअरमध्ये तसं लावून ठेवलंय कोणीतरी. आता पंचवीस फोटो साठ वेळात कसे बसवायचे?"

अंबूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "साठ लाडू आणि पंगतीला पंचवीस माणसं. कोणाला दोन, कोणाला तीन."

"बरोबर. तोच ठेका आहे."

"मग पंगतीत कुरकुर होणारच. पन्नास लाडू करा. प्रत्येकाला दोन."

"पन्नासचं सेटिंग आहे त्यात," भिमाजी म्हणाले. बत्तीस पानं वाचून जे त्यांना कळलं होतं ते बायकोने मेथीच्या एका जुडीत सांगितलं, हे त्यांनी वहीत लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या सेटिंगमध्ये सापडली. मोशन नावाचा एक प्रकार होता. दोन फोटोंच्या मधला, डिस्कमध्ये नसलेला फोटो टीव्ही स्वतःच्या मनाने काढत होता, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. भिमाजींना हे अजिबात रुचलं नाही. ड्रॉइंगमध्ये नाही ते माप करायला ह्याला सांगितलं कोणी?

म्हणजे दोन बटणं. आता त्यांची जुनी शिस्त सुरू झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तपासायची. काम झालं नाही तर होती तशी करायची, मगच दुसरीला हात लावायचा. ह्या शिस्तीने त्यांनी असे लेथ दुरुस्त केले होते ज्यांच्यापुढे इंजिनिअरांनी हात टेकले होते.

पहिल्यांदा मोशन बंद केलं. नदी आली. झटके वाढले. मामीची हनुवटी एकदम आली आणि एकदम गेली. भिमाजींनी वहीत फुली मारली आणि मोशन परत चालू केलं.

मग प्लेअर साठवरून पन्नासवर आणला. नदी शांत वाहिली. पण हनुवट्या विरघळलेल्या. ठिपके नाहीत. दुसरी फुली. प्लेअर परत साठवर.

बाकीची सगळी बटणंही त्यांनी अशीच केली. रंग, उजेड, धार. प्रत्येक वेळी एक तास चार मिनिटं, नऊ सेकंदं, मामीची हनुवटी. एकवीस फुल्या झाल्या. शुक्रवार संपला. एवढ्या फुल्यांची वही त्यांच्या हातून नोकरीत कधी झाली नव्हती.

शनिवारी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "काही राहिलं नाही. सगळं तपासलं."

त्यांनी हे ज्या आवाजात म्हटलं तो अंबूबाईंनी लग्नानंतर दोनदाच ऐकला होता. त्यांनी बशी खाली ठेवली.

"एक विचारू? तुम्ही परत का फिरवता?"

"काय?"

"पहिल्यांदा काहीतरी बंद केलंत, तेव्हा मामीचं तोंड मला एकदा बरं दिसलं. धक्के खात होतं, पण तोंड होतं. दुसऱ्यांदा चाल चांगली होती, तोंड नव्हतं. तुम्ही पहिलं परत फिरवलं, मग दुसरं केलं. दोन्ही ठेवायची ना."

"एका वेळी एकच बदलायचं असतं."

"का?"

"नाहीतर कशाने झालं ते कळत नाही."

"नाही कळलं तर काय बिघडलं? मला मामी दिसायला हवी."

भिमाजींनी वही उघडली. पहिली फुली, दुसरी फुली. दोन दोष एकमेकांच्या आड लपले होते. मोशन झटक्यांवर थोडंसं पांघरूण घालत होतं, म्हणून ते काढलं की झटके उघडे पडत. झटके गेले तरी मोशन तोंडं पुसत होतं. आणि त्यांनी दोन्ही वेळा फक्त ठिपके बघितले, काय सुधारलं ते पाहिलंच नाही. चौतीस वर्षांची शिस्त. तिच्यात हे एक भोक होतं आणि ते आजवर दिसलं नव्हतं.

"चहा गार होतोय," अंबूबाई म्हणाल्या.

"होऊ दे."

मोशन बंद. प्लेअर पन्नासवर. एक तास चार मिनिटं.

नदी आली. काठ आला. कॅमेरा सरकला तसं सगळं सरकलं, एकसारखं, बैलगाडीत बसून बघावं तसं. बायका आल्या. पाऊल उचलताना पैंजण दिसले. हंड्यावरचे पोचे दिसले. झुंबरमामी आली, काळीसावळी, ताठ मानेची, आणि तिच्या हनुवटीवर निळेहिरवे तीन ठिपके, मोजून घ्यावेत असे.

"तीन," भिमाजी म्हणाले.

मामीच्या मागून एक पोरगी आली. हंडा तिरका. सगळ्या बायका खाली बघत होत्या, ही थेट कॅमेऱ्यात बघत होती आणि ओठ दाबून हसत होती. हनुवटी कोरी. ती अगदी जवळून गेली. हिरवी साडी, गुडघ्याखाली भिजलेली, खांद्यावरून आलेला लाल काठ, आणि काठावर पांढरी नक्षी.

भिमाजींनी वहीत बरोबरची खूण केली. आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी. "अंबू, तू आहेस! बघ, शंकाच नाही!"

पडद्याकडे बघत अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"काय झालं? गरगरतंय?"

"नाही." त्या उठल्या. परत बसल्या. "अहो, जरासं साठवर करता का? एवढं स्पष्ट बरं नाही दिसत. जुन्या सिनेमासारखं वाटत नाही."

"साठवर?" भिमाजींचा कानावर विश्वास बसेना. "चूक माहीत असताना चुकीवर ठेवू?"

"तसं नाही. थोडंसं. ठिपके दिसतील एवढं, बाकीचं..."

"बाकीचं काय?"

"काही नाही." त्यांनी पिशवी घेतली. "कोथिंबीर आणते."

त्या अडीच तासांनी आल्या. कोथिंबीर आणली नव्हती. भिमाजींनी ते पाहिलं. रिमोट टेबलावर दिवसभर पडून होता. सेटिंग कसं बदलायचं ते अंबूबाईंनी एकवीस वेळा पाहिलं होतं. संध्याकाळी भिमाजींनी पुन्हा तपासलं. पन्नास होतं. मोशन बंद होतं. कोणी हात लावला नव्हता.

रविवारी भागीबाई अकराच्या बसने आल्या, हातात द्राक्षांची पेटी.

"दाजी, टीव्ही लय मोठा घेतला वो. बायको दिसंना का एरवी?"

"तुमच्या बहिणीला बघायलाच एवढा लागला."

"बघू तर." त्या खुर्चीत न बसता टीव्हीपासून चार हातांवर पाटावर बसल्या. "आधी मामीचं गोंदण दावा. त्याबिगर पुढं जायचं नाय."

"तेच आधी येतं," भिमाजी म्हणाले. ते रिमोट घेऊन उभे राहिले. अंबूबाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. पुरणपोळीचा वास येत होता आणि आज पोळी जाड की पातळ याची कोणालाच फिकीर नव्हती.

एक तास चार मिनिटं. नदी. काठ. मामी.

"एक, दोन, तीन," भागीबाईंनी बोटाने मोजले. "हाय. मामीच हाय. चालती कशी बघा, गाव इकत घेतल्यावानी." मग मागची पोरगी आली. भागीबाईंची मान पुढे गेली. पोरगी हसत निघून गेली, बायका संपल्या, नदीवर गाणं सुरू झालं.

"परत लावा."

भिमाजींनी परत लावलं.

"थांबवा. हितंच."

चित्र थांबलं. हलत नव्हतं, थरथरत नव्हतं. भिमाजींनी मनातल्या मनात चित्राला शंभर गुण दिले.

"हनुवटी कोरी हाय," भागीबाई म्हणाल्या. "तू हायेस अंबे. मी हरले."

बेचाळीस वर्षांनी हे शब्द आले. पण अंबूबाई दारातून हलल्या नाहीत. भागीबाई उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि पोरीच्या खांद्यापाशी बोट नेलं.

"आणि ही रुईफुलं कोणाची?"

आता भिमाजींच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी येऊन बसल्या. दळण, नदी, कुंपणावरची ओली साडी, आणि काल न आलेली कोथिंबीर. त्यांनी हळूच रिमोट खाली ठेवला.

"आक्का," अंबूबाई म्हणाल्या, "मला वाटलं तासाभरात आणून ठेवीन. त्यांनी सहादा चालायला लावलं. मग पाण्यात पाय घसरला. मामीने कुंपणावर वाळत घातली. म्हणाली, गप बस, मी बघते."

"मामीला ठावं होतं?"

"हो."

"मी तिला चोरटी म्हणले. सगळ्या गावापुढं. आणि तिनं ऐकून घेतलं?"

"हो."

भागीबाई पाटावर बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. अंबूबाई घाबरून पुढे आल्या. पण भागीबाई हसत होत्या. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं सटवे! माझी सासू वीस वर्षं म्हणायची, धड लुगडं नव्हतं! आन लुगडं सिनेमात काम करत होतं!"

भिमाजी हसायला लागले. खैरनारांच्या घरात त्यांचं हसणं मोजून ऐकू येई, त्या दिवशी मोजणारा कोणी नव्हता.

अंबूबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. हळदकुंकू, नारळ, आणि घडी न मोडलेली हिरवी साडी. लाल काठ. रुईफुलं. "काल गावात सात दुकानं हिंडले," त्या म्हणाल्या. "शेवटच्यात मिळाला हा काठ."

भागीबाईंनी कुंकू लावून घेतलं आणि काठ चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "फुलं जरा बारीक हायेत."

"आक्का!"

"हायेत ती हायेत. रंग जाईल का गं?" पण साडी त्यांनी मांडीवर घेतली आणि जेवताना सुद्धा खाली ठेवली नाही.

जेवण झाल्यावर त्यांनी झुंबरमामीला फोन लावला. मामी आता नव्वदीला टेकलेली, ऐकू कमी, बोलणं शाबूत.

"मामी, मी भागी. निफाडची."

"कोण?"

"भागी! साडी सापडली, मामी! अंबीनं नेली होती!"

पलीकडून मामी म्हणाली, "मला काय सांगतीस? म्याच वाळत घातली नव्हं. तुलाच उशीर झाला."

"मामी, मी येती. उद्या येती. तुझ्या घरचं पाणी प्यायला येती."

"नुसतं पाणी? जेवायला ये. आन तो सिनेमा घेऊन ये. मी बी चालले होते की त्यात. मला कोण इचारतंय का?"

भागीबाईंनी स्पीकरवर हात ठेवला. "दाजी, मामीला दावायचं. येताय ना?"

भिमाजी आधीच उठले होते. प्लेअरची वायर गुंडाळून त्यांनी ती पिशवीत ठेवली, वर डिस्क, वर वही. स्पिरिट लेव्हलही घेतली.

"तिला विचारा," भिमाजी म्हणाले, "टीव्ही कोणता आहे, प्लेअर जोडायची जागा मागे आहे का बाजूला, आणि रिमोटला सेल आहेत का."

भागीबाईंनी विचारलं. मामीचं उत्तर खोलीभर ऐकू आलं.

"टीव्ही सुनेचा हाय. त्याच्यावर इणलेला रुमाल हाय. तो हलवायचा नाय."

भिमाजींनी वही परत बाहेर काढली, नवीन पान उघडलं आणि तारखेखाली लिहिलं: 'मामीचा टीव्ही. रुमाल.'